एसटीपीच्या गाळातली अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं रसायनांनी जातात का?

प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषदेचा 10 एमएलडीचा, म्हणजे रोज एक कोटी लिटर सांडपाणी साफ करणारा, एसटीपी आहे. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गाळ गरगर फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून, रोज निघणारा गाळ आजूबाजूचे शेतकरी ट्रॉलीने घेऊन जातात. या गाळात अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं असतात असं वाचनात आलं. चुना, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा दुसरं एखादं रसायन घालून ती काढता येतील का, किती घालायचं, आणि ती गेली हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न प्लँट चालवणाऱ्या माणसाने विचारला याचा मला मनापासून आनंद झाला. सव्वीस वर्षं मी गाळाचंच काम करतोय. बहुतेक ठिकाणी बीओडी-सीओडीचे, म्हणजे पाण्यातल्या घाणीचे, आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण केक, म्हणजे सेंट्रिफ्यूजमधून निघालेला घट्ट गाळ, कुठल्या शेतात गेला ते कुणालाच सांगता येत नाही.

आधी उत्तर देतो, मग कारणं. रसायनांनी ही जनुकं कमी होतात, संपत नाहीत. तुमच्या आकाराच्या प्लँटला झेपेल असं रसायन एकच, कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेला, पाणी न मारलेला चुना. त्याचं खरं काम जनुक बाळगणारा जिवाणू मारणं हे आहे. जनुक तोडण्याचं काम तो अर्धवटच करतो. राहिलेलं काम उष्णता, वाळवण आणि वेळ यांच्याकडून करून घ्यावं लागतं. पेरॉक्साइड, पर्सल्फेट, ओझोन यांवर नगरपरिषदेचे पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाळातच ही जनुकं इतकी का साठतात? आपण घेतलेल्या अनेक अँटिबायोटिकचा मोठा भाग शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि त्याच्याबरोबर त्या औषधाला पुरून उरलेले आतड्यातले जिवाणूही. एअरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीत, हे पाहुणे आणि तिथले कायमचे रहिवासी अगदी अंगाला अंग लावून राहतात. जिवाणू एकमेकांना प्लाझ्मिड देतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटंसं वर्तुळ, आणि दाद न देणारी बरीच जनुकं त्याच्यावरच बसलेली असतात. पुढे क्लॅरिफायरमध्ये पाणी वरून निवळून जातं आणि जिवाणू तळाला बसतात. म्हणजे पाणी जितकं चांगलं साफ कराल तितका हा ऐवज गाळात जमतो.

2006 साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एमी प्रूडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकांनाच प्रदूषक मानावं असा मुद्दा मांडला, तेव्हापासून या विषयाकडे लक्ष गेलं. 2011 साली दिल्लीच्या पाहणीत एनडीएम-1 हे, राखीव अँटिबायोटिकनाही निकामी करणारं जनुक रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये सापडलं. आपल्या पुण्यातल्या मुठा नदीचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या अंगाला नदीच्या तळाशी जितकी जनुकं होती, त्याच्या सुमारे तीसपट शहरातल्या तळगाळात आढळली. इतर औषधं थकल्यावर डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात त्या औषधांना निकामी करणारी जनुकंही त्यात होती. ते शहराचं प्रक्रिया न झालेलं सांडपाणी होतं. प्लँट बांधला की तोच माल नदीऐवजी सेंट्रिफ्यूजच्या तोंडाशी येतो. हे चांगलंच आहे, कारण इथे तो आपल्या हातात असतो. पण मग त्याचं पुढे काय करायचं ही जबाबदारीही आपल्यावर येते.

आता मुख्य मुद्दा. जंतू मरणं आणि जनुक तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1928 साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उंदरांना न्यूमोनियाचे दोन प्रकारचे जंतू एकत्र टोचले. एक घातक, पण उष्णता देऊन मारलेला. दुसरा जिवंत, पण निरुपद्रवी. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जंतू मिळाले. मेलेल्या जंतूने जिवंत जंतूला काहीतरी दिलं होतं. ते काहीतरी म्हणजे डीएनए, हे 1944 साली एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी दाखवून दिलं. कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेची खूण मानले जाणारे जिवाणू, शून्य आले म्हणून गाळ सुरक्षित झाला असं कुणी म्हटलं की मला ग्रिफिथचे उंदीर आठवतात.

मात्र इथे प्रमाणाचं भान ठेवायला हवं. मोकळा पडलेला डीएनए उचलून आपल्या अंगात बसवून घेणं हे सगळ्या जिवाणूंना जमत नाही, आणि मातीत असा डीएनए बहुतेक वेळा दुसऱ्याचं खाद्य होतो. जिवंत जिवाणूने दुसऱ्या जिवंत जिवाणूला प्लाझ्मिड देणं हा मोठा रस्ता आहे. म्हणून वाहक मारणं हे छोटं काम नाही. चुन्याची मर्यादा मी पुढे सांगणार आहे, पण त्या मर्यादेमुळे चुना सोडून द्या असं मला अजिबात म्हणायचं नाही.

चुन्याचं रसायन बघू. चुना घातला की पीएच 12 च्या वर जातो, जिवाणूची भिंत फुटते, आतला डीएनए बाहेर येतो आणि त्याचे दोन धागे सुटे होतात. पण सुटे होणं म्हणजे तुटणं नव्हे. आरएनए अल्कलीत पटकन तुकडे होऊन पडतो, डीएनएचा कणा टिकतो. प्लाझ्मिडचं तर आणखी वेगळं. 1979 साली बर्नबॉइम आणि डोली यांनी जिवाणूतून प्लाझ्मिड शुद्ध काढण्याची जी पद्धत दिली ती आजही सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये वापरली जाते, आणि ती चालते नेमकी पीएच 12 ते 12.5 च्या पट्ट्यात. त्या पीएचला मुख्य डीएनएचे धागे वेगळे होतात. प्लाझ्मिडची दोन वर्तुळं मात्र एकमेकांत ओवलेल्या कड्यांसारखी अडकून राहतात आणि पीएच खाली आणला की पुन्हा जशीच्या तशी जुळतात. ज्या पीएचवर आपण गाळ 'स्थिर' करतो त्याच पीएचवर प्रयोगशाळेत प्लाझ्मिड जपून बाहेर काढतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या बारा-तेरा वर्षांच्या कामाकडे मला नव्याने बघावं लागलं.

फरक आहे तो वेळेचा आणि तापमानाचा. प्रयोगशाळेतली ती पायरी काही मिनिटांची, साध्या तापमानाची. गाळाच्या ढिगात तोच पीएच तासन्‌तास टिकतो, आणि कळीचा चुना असेल तर ढीग तापतो. गरम डीएनएमधून एकेक अक्षर गळतं आणि जिथे गळलं तिथे अल्कली कणा कापते. त्यामुळे चुना अधिक उष्णता ही जोडी जनुकालाही इजा करते. थंड चुना फार कमी करतो. चुना दिलेल्या गाळात काही जनुकं चांगली खाली येतात आणि काही जागची हलत नाहीत असे उलटसुलट निकाल मिळतात, त्याचं हे एक कारण आहे. सल्फा औषधांचं एसयूएल-1 हे जनुक आणि त्याच्यासोबत फिरणारं इंटीग्रॉनचं (जनुकं पकडून एकत्र ठेवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचं) जनुक ही दोन चिवट गिऱ्हाइकं. टेट्रासायक्लिनची जनुकं त्या मानाने लवकर उतरतात असा माझा अनुभव.

म्हणून विरलेल्या चुन्याच्या गोण्या घेऊ नका. विरलेल्या चुन्याने पीएच चढतो, पण उष्णता मिळत नाही. ती भट्टीवाल्याकडे पाणी मारतानाच गेलेली असते. कळीचाच चुना घ्या आणि प्रत्येक गाडीची परीक्षा करा. थर्मास फ्लास्कमध्ये 25 अंशाचं 400 मिली पाणी, त्यात 100 ग्रॅम चुन्याची भुकटी, ढवळत राहायचं आणि थर्मामीटर बघायचा. तीन मिनिटांच्या आत तापमान 40 अंशांनी चढलं तर चुना जोरदार. दहा मिनिटं झाली तरी रेंगाळत असेल तर तो जास्त भाजलेला किंवा हवेत पडून मेलेला आहे, गाडी परत पाठवा. या परीक्षेला पैसे लागत नाहीत आणि निम्मे घोटाळे इथेच पकडले जातात.

किती घालायचा याचा हिशेब तुमच्या प्लँटसाठी मांडतो. 10 एमएलडीला साधारण 2 टन सुका घन पदार्थ रोज निघतो असं धरू. केक 20 टक्के सुका असेल तर तो 10 टन भरतो, त्यातलं 8 टन पाणी. नुसता पीएच 12 वर न्यायला सुक्या वजनाच्या 20 ते 30 टक्के चुना लागतो, म्हणजे 400 ते 600 किलो. अमेरिकेच्या 1993 च्या नियमाप्रमाणे 'ब' वर्गासाठी (जंतू कमी केलेला, पण कुठल्या पिकाला द्यायचा यावर बंधनं असलेला गाळ) चुना मिसळल्यावर 2 तासांनी पीएच 12 असायला हवा, आणि माश्या-उंदरांना गाळ आकर्षक वाटू नये म्हणून पुढचे 22 तास तो 11.5 च्या खाली उतरू नये. 'अ' वर्गाची (जंतू जवळजवळ संपवलेल्या गाळाची) वाट कडक आहे: 72 तास पीएच 12 च्या वर, त्यातले किमान 12 तास तापमान 52 अंशांच्या वर, आणि मग 50 टक्क्यांपेक्षा जास्त सुका होईपर्यंत हवेत वाळवणं. जनुकांचा विचार करत असाल तर हीच वाट धरा. एक किलो शुद्ध कळीचा चुना विरताना सुमारे 1,140 किलोज्यूल उष्णता देतो. 10 टन केक एक अंशाने तापवायला त्यामुळे 32 किलोच्या आसपास शुद्ध चुना लागतो. 28 अंशांवरून 52 वर जायचं म्हणजे 24 अंश, म्हणजे 770 किलो. बाजारचा चुना शंभर टक्के शुद्ध नसतो आणि ढिगातून उष्णता निसटतेच. टनभर चुना रोज, असं धरून चाला.

हा खर्च कमी करायचा असेल तर चुन्याचा भाव घासाघीस करून पाडण्यापेक्षा केक सुका करा. 20 टक्क्यांचा केक 25 टक्क्यांवर गेला तर 10 टनाचे 8 टन होतात, 2 टन पाणी तापवायचं वाचतं. पॉलीचा (गाळाचे कण एकत्र आणणाऱ्या पॉलिमरचा) डोस आणि सेंट्रिफ्यूजची डिफरेन्शियल स्पीड (ड्रम आणि आतला स्क्रू यांच्या वेगातला फरक) नीट लावली तर बऱ्याच प्लँटवर एवढी सुधारणा पदरात पडते.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मिसळणं. एका ठिकाणी मला बोलावलं होतं, चुना भरपूर घालूनही कॉलिफॉर्म परत वाढत होते. चार माणसं फावड्याने केक आणि चुना परतत होती, शिरा परतावा तसा. रजिस्टरमध्ये पीएच 12.3. मी ढिगातून नारळाएवढं ढेकूळ उचललं आणि दोन्ही हातांनी फोडलं. बाहेरून पांढरंफेक, आतून काळं, ओलं, आणि वास तसाच. आतल्या काळ्या भागाला पीएचची पट्टी लावली, ती 8 च्या रंगावर थांबली. रजिस्टरमधला आकडा खोटा नव्हता, तो ढेकळाच्या सालीचा होता. तिथे आम्ही वीटभट्टीवर माती मळायला वापरतात तशी पग मिल बसवली. पंधरा दिवसांत चित्र बदललं आणि चुनाही आधीपेक्षा कमी लागला. तुमच्याकडे मिक्सर नसेल तर बाकी काही करण्याआधी मिक्सर घ्या. आणि पीएच मोजताना ढेकूळ फोडून आतला नमुना घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवा, 25 अंशांवर येऊ द्या, मग मीटर लावा. गरम नमुन्यात चुन्याचा पीएच खरोखरच कमी दिसतो, आणि घाबरून माणसं उगाच आणखी चुना टाकतात.

चुना मिसळताच अमोनियाचा भपकारा येतो, डोळ्यांतून पाणी काढतो. तो अमोनिया स्वतः चांगला जंतुनाशक आहे, जंतांच्या अंड्यांवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून पहिले तीन दिवस ढीग ताडपत्रीने झाका. उष्णताही आत राहते, अमोनियाही.

त्यानंतर जे घडतं ते मला सगळ्यात नाजूक वाटतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पीएच हळूहळू उतरतो. तो 9 च्या खाली आला की आजूबाजूचे नवे सूक्ष्मजीव येतात. त्यांचे एन्झाइम मोकळा डीएनए खाऊन टाकतात. चुन्याने जे अर्धवट सोडलं ते इथे पूर्ण होतं. पण गाळ त्या वेळी ओला असेल तर वाचलेले, दाद न देणारे जिवाणूही परत वाढतात आणि आयतं अन्न त्यांना मिळतं. सुक्या गाळात खाणारे एन्झाइम थोडे मंद चालतात, पण वाढ जवळपास थांबते. म्हणून माझा नियम ठरलेला आहे: पीएच उतरण्याआधी गाळ वाळला पाहिजे. मार्च ते मे आपल्याकडे हे उन्हावर सहज जमतं. जून ते सप्टेंबर छपराशिवाय जमत नाही. पावसाने भिजलेला चुन्याचा ढीग आठवड्याभरात पुन्हा वास मारायला लागतो, तो वास म्हणजे वाढ सुरू झाल्याची खूण. ड्रायिंग बेडवर पारदर्शक पत्र्याचं छप्पर हा माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात चांगला गुंतवलेला पैसा आहे.

आता पेरॉक्साइडकडे वळू, कारण त्याबद्दल बरंच छापून येतं. पेरॉक्साइडमध्ये लोहाचे क्षार घातले की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा फार जहाल कण तयार होतो. हेन्री फेंटन यांनी ही अभिक्रिया 1894 साली नोंदवली. हा रॅडिकल डीएनए खरोखर कापतो, त्यात शंका नाही. अडचण अशी की तो जे समोर येईल ते कापतो, आणि तयार झाल्यापासून नॅनोसेकंदांत संपतो. स्वच्छ पाण्यात समोर जिवाणू असतो. गाळात समोर असतो तो जिवाणूंभोवतीचा चिकट लगदा, ह्युमिक पदार्थ, तेल, केस, कागदाचा लगदा. जनुकापर्यंत पोचायच्या आधी डोस संपतो. वर अभिक्रियेला पीएच 3 च्या आसपास लागतो, म्हणजे आधी आम्ल घाला, नंतर ते मारायला चुना घाला, आणि लोहाचा नवा गाळ वर वाढवून घ्या.

आम्ही हे करून पाहिलंय. 200 लिटरच्या ड्रममध्ये घट्ट केलेला गाळ घेतला होता, पाऊण ड्रम. पेरॉक्साइड सोडायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत तपकिरी फेस ड्रमच्या काठावरून खाली, आमच्या बुटांपर्यंत. गाळातल्या जिवाणूंकडे कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. आमच्या औषधाचा मोठा भाग त्या फेसात उडून गेला. नंतर आम्ही आधी आम्ल, मग लोह, आणि मग थेंबाथेंबाने पेरॉक्साइड असा क्रम लावला, फेस आटोक्यात आला. प्रयोगशाळेचा पहिला निकाल बघून आम्ही सगळे हरखलो होतो. एसयूएल-1 जवळजवळ नाहीसं. सुदैवाने प्रयोगशाळेतल्या मुलीने आपणहून डीएनएचा तोच अर्क दहापट पातळ करून पुन्हा लावला, आणि आकडा परत वर आला. गाळातलं लोह आणि ह्युमिक आम्ल पीसीआरच्या, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या चाचणीच्या, एन्झाइमलाच अडवत होतं. जनुक होतं, मशीनला दिसत नव्हतं. तिच्या त्या एका सवयीमुळे आम्ही चुकीचा अहवाल देण्यापासून वाचलो.

पर्सल्फेट गाळात जास्त वेळ टिकतं आणि लोहाने, उष्णतेने किंवा अल्कलीनेही ते जागं होतं, त्यामुळे फेंटनपेक्षा हाताळायला सोपं. पण मागे सल्फेट ठेवतं. पुढे डायजेस्टर (गाळ हवेविना कुजवून गॅस काढणारी टाकी) असेल तर ते सल्फेट हायड्रोजन सल्फाइड होऊन गॅसमध्ये येतं, आणि गॅस इंजिन खातं. ओझोनला वीज फार लागते. नायट्राइट आणि सौम्य आम्ल मिळून होणाऱ्या मुक्त नायट्रस आम्लावर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात चांगलं काम झालंय. डायजेस्टर असलेल्या मोठ्या प्लँटला ते पुढेमागे उपयोगी पडेल, तुम्हाला आज नाही.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मात्र कुणीही सांगितलं तरी गाळात टाकू नका. घराघरांत, ग्रामपंचायतीत ती हाताशी असते म्हणून हा मोह होतो. गाळात अमोनिया भरपूर. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन उडवायलाच सुमारे 7.6 ग्रॅम क्लोरीन खर्च होतो, त्याच्यानंतर क्लोरीन मोकळा होऊन जंतूंकडे वळतो. पचवलेल्या गाळाच्या पाण्यात लिटरला 500 ते 1,000 मिलिग्रॅम असा नायट्रोजन सहज असतो. म्हणजे लिटरला 4 ते 8 ग्रॅम क्लोरीन, त्याच्यावर सेंद्रिय पदार्थांची भूक वेगळी. एवढं कुणी घालत नाही. आणि कमी घातलं तर उलटंच होण्याची भीती असते: प्रयोगशाळेत असं दिसलंय की जंतुनाशकाचा मारक नसलेला, नुसता त्रास देणारा डोस मिळाला की जिवाणू एकमेकांना प्लाझ्मिड जास्त वेगाने देतात. अर्धवट डोस कोणत्याच रसायनाचा देऊ नये, याचं कारण हे.

ज्यांच्याकडे डायजेस्टर आहे त्यांच्यासाठी एक सूचना. रासायनिक किंवा उष्ण प्रक्रिया डायजेस्टरच्या आधी केली तर जनुकं आधी झपाट्याने खाली येतात आणि मग 35-37 अंशांच्या डायजेस्टरमध्ये पुन्हा वाढतात. तिथे अगणित जिवाणू आधीच राहतात, आपण फोडलेल्या पेशींचं अन्न त्यांनाच मिळतं. 150 अंशांच्या पुढे वाफेने गाळ उकळणाऱ्या प्लँटवरही हे परत वाढणं दिसलंय. आधीची प्रक्रिया गॅस वाढवण्यासाठी करा, जरूर करा. जनुकांसाठी करायची ती सगळ्यात शेवटी, केक झाल्यावर.

आता मोजणं. एक ग्रॅम सुक्या गाळात एका जनुकाच्या प्रती कोटींच्या, कधी अब्जांच्या घरात असतात. '99 टक्के घट' हे ऐकायला छान वाटतं, पण दहा कोटींतून 99 टक्के गेले तरी दहा लाख उरतात. म्हणून टक्के विसरा, लॉगमध्ये बोला (एक लॉग म्हणजे दहापट घट), आणि उरलं किती ते लिहा. दुसरं, चुना स्वतः वजनात भर घालतो. सुक्या वजनाच्या 50 टक्के चुना घातला तर काहीही न मरता 'दर ग्रॅम' आकडा एक तृतीयांशाने खाली दिसतो. हिशेब मूळ गाळाच्या सुक्या वजनावर करा. तिसरं, पीसीआर अख्खं जनुक वाचत नाही. एनडीएम-1 चं जनुक 813 अक्षरांचं आहे. चाचणीचा नेहमीचा संच त्यातली दीडशे-दोनशे अक्षरं बघतो. बाकी भाग तुटून जनुक निकामी झालं तरी मशीन ते शाबूत म्हणून मोजतं. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना होते: वर सांगितलेल्या अडथळ्यामुळे घट जास्त दिसते, आणि तुकडे मोजल्यामुळे कमी दिसते. प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा, अर्क पातळ करून पुन्हा लावता का, आणि माहीत असलेला डीएनए मुद्दाम मिसळून तो पूर्ण परत मिळतो का हे बघता का. दोन्हीला 'हो' आलं तरच आकड्यावर विश्वास ठेवा.

तुमच्यासाठी पीसीआर वर्षातून दोनदा पुरे: एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये. दर आठवड्याला करायची चाचणी वेगळी आणि स्वस्त आहे. मॅकॉन्की अगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या माध्यमात) लिटरला 4 मिलिग्रॅम सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक घालायचं आणि त्यावर गाळातले ई. कोलाय वाढवून मोजायचे, शेजारी औषध नसलेली प्लेट ठेवायची. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेल्या ट्रायसायकल पद्धतीचा गाभा हाच आहे. औषधाला दाद न देणारे जिवंत ई. कोलाय किती आणि एकूणात त्यांचा वाटा किती, हे दोन आकडे तुम्हाला मिळतात. जवळच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला विचारा, विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळतो आणि तुम्हाला वर्षभराची नोंद. नमुने तीन वेळचे घ्या: केक, चुना दिल्यावर तिसऱ्या दिवशी, आणि ट्रॉलीत भरताना. शेवटचा नमुना लोक घेत नाहीत, आणि शेतात जातो तो तोच गाळ.

कायद्याने तुम्हाला या जनुकांची मर्यादा कुणी घालून दिलेली नाही, भारतात नाही, अमेरिकेत नाही, युरोपातही नाही. युरोपने 2024 च्या नव्या निर्देशात एक लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या सांडपाण्यात ही तपासणी आणली, तीही सांडपाण्याची. त्यामुळे 'नियमात बसतं का' या प्रश्नाला इथे उत्तर नाही. कोणत्या शेतात, कोणत्या पिकाला, कधी, हे तुम्हीच ठरवायचं आहे.

इथे जमिनीचा विचार करा. कोकणातली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, तिला चुन्याचा गाळ मानवतो. देशावरची काळी जमीन आधीच चुनखडीची, पीएच 8 च्या घरात. तिथे टनभर चुन्याचा गाळ वर्षानुवर्षं टाकला तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं, द्राक्षाची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तुमचा प्लँट देशावर असेल तर चुना फक्त पावसाळ्यातल्या गाळाला द्या. उन्हाळ्यातला गाळ पातळ थरात कडक वाळवा, 80 टक्क्यांच्या वर सुका, आणि मग दोन-तीन महिने झाकून ठेवून द्या. चुना टाळून वाळवण आणि साठवण वाढवली तरी दाद न देणारे जिवंत ई. कोलाय माझ्या बघण्यात चांगले उतरलेत, फक्त जागा लागते.

पिकाचंही ठरवून टाका. 'ब' वर्गाच्या गाळासाठी अमेरिकेचा नियम असा: ज्याचा खाण्याचा भाग मातीला टेकतो अशा पिकाची काढणी गाळ टाकल्यापासून 14 महिने करायची नाही, कांदा, गाजर, मुळा असं जमिनीखालचं असेल तर गाळ जमिनीवर किती दिवस राहिला त्यानुसार 20 किंवा 38 महिने. आपल्याकडे मी सोपं करून सांगतो: ऊस, कापूस, बांधावरची झाडं, रोपवाटिका यांना द्या, भाजीपाला, कांदा, भुईमूग यांना देऊ नका. मागच्या वर्षी एक शेतकरी ट्रॉली लावून उभे होते. मी विचारलं, "काका, कशाला नेताय?" म्हणाले, "कोथिंबिरीला. फार जोमाने येते." खरंच येते, त्यांचं चुकीचं नव्हतं. त्यांना मी केकचं ढेकूळ दाखवलं, यात दवाखान्यातले जंतू असतात, कोथिंबीर आपण कच्ची खातो, एवढंच सांगितलं. त्यांनी ट्रॉली उसाकडे वळवली. पावतीवर पीक आणि गट नंबर लिहून घेण्याची पद्धत तेव्हापासून त्या प्लँटवर सुरू झाली, तुम्हीही करा.

आणि चुना सुरू करण्याआधी माणसांची तयारी. कळीचा चुना घामाने ओल्या अंगावर विरतो आणि भाजतो. गमबूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, आणि कडेने बंद असलेला चष्मा. साधा चष्मा चालत नाही. मिक्सरपासून दहा पावलांवर स्वच्छ पाण्याचा नळ हवा, टाकी भरलेली आहे हे रोज सकाळी बघायला हवं. डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही. पापणी उलटी धरून किमान पंधरा-वीस मिनिटं धारेखाली ठेवायचं आणि तसंच नेत्रतज्ज्ञाकडे. एका प्लँटवर नळ होता पण टाकी कोरडी होती, आणि तिथल्या हेल्परची उजव्या डोळ्याची दृष्टी अधू झाली. मिक्सरची ऑर्डर देताना त्याच कागदावर त्या नळाची ऑर्डर द्या.